अर्धा होकार आणि फुगलेले गाल

आमच्या घरात शांतता पसरली की आई घाबरायची. मंगळवार पेठेतलं घर. खालच्या मोठ्या खोलीत आबांच्या बँडची तालीम आणि वर आम्ही राहायला. आबा म्हणजे माझे वडील, बँडमास्तर. सकाळी कुणीतरी क्लॅरिनेट पुसून त्यात फुंकर मारून बघायचं, दुपारी ढोल उन्हात तापायला ठेवलेला असायचा आणि माझा थोरला भाऊ बजरंग मधूनच उठून त्याच्यावर एक धपका घालून यायचा. संध्याकाळी सगळे जमले की फडताळातले डबे थरथरत कडेला यायचे. आईनं कांदा-लसूण चटणीचा डबा तेवढा जमिनीवर ठेवला होता. "बाकी काय बी पडू दे, चटणी पडाय नको," असं तिचं म्हणणं. असल्या घरात मी गणित शिकले. आता लोक मला विचारतात, मॅडम, एवढी एकाग्रता कशी साधलीत? मी सांगते, ढोल वाजत होता तोवर साधली होती, थांबला की मोडायची. लोकांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

माझ्या लहानपणीचा आमचा लाडका खेळ म्हणजे 'कोण न्हाय'. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर डोळे मिटून बसायची. बँड सुरू व्हायचा आणि आबा हातानं खूण करून एकाला गप्प करायचे. बाकीचे वाजवतच राहायचे. मग आबा माझ्या कानाशी वाकून विचारायचे, "सांग शोभे, कोण न्हाय?" मी सांगायची, झांजा न्हाईत. किंवा, भोंगा न्हाय. भोंगा म्हणजे ते पितळेचं मोठं, मांडीवर बाळासारखं घेऊन वाजवायचं वाद्य, आणि ते वाजवणारा दिनकर पण साधारण त्याच आकाराचा होता. उत्तर बरोबर आलं की आबा "बरोब्बर!" म्हणून ओरडायचे आणि कोटाच्या खिशातून खडीसाखर काढून द्यायचे. तिला तंबाखूचा वास यायचा. कधीकधी ते लबाडी करायचे. दुसऱ्या कुणाला गप्प न करता स्वतःचंच कॉर्नेट, म्हणजे ते आखूड पितळी तुतारीसारखं वाद्य, थांबवायचे आणि साळसूद चेहऱ्यानं विचारायचे. पण मी फसायची नाही. आबांचं कॉर्नेट नसलं की सगळा बँड मला मीठ नसलेल्या आमटीसारखा लागायचा.

त्या वयात बँडची आणखी एक गोष्ट मला कळली होती, आणि ती आबांना ठाऊक नाही असं सगळ्यांना वाटायचं. वाजवता वाजवता माणूस दमतो. मग तो वाद्य ओठाला लावून ठेवतो, गाल फुगवतो, बोटं नाचवतो आणि फुंकत मात्र नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात वाजवतोय गडी! एवढ्या जणांत एक गप्प राहिला तर कुणाला कळतंय? गाल फुगवण्याची ही पाळी असायची आणि ती लावायचे आमचे जुने क्लॅरिनेटवाले गणूतात्या. ते डोळा मिचकावून ज्याच्याकडं बघतील त्यानं एक कडवं विसावा घ्यायचा. सगळं शिस्तीत चालायचं. आबांना ते कळत होतं की काय, देव जाणे. कळत असणारच. कानाचा एवढा तिखट माणूस, पण तात्यांवर त्यांचा जीव होता.

तर अशी मी एम्.एस्सी. झाले, आणि आमचे कुरडे सर माझ्या मागं लागले की तू संशोधन कर. सर निपाणीकडचे. निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि आनंद झाला की 'हौदु हौदु', म्हणजे कन्नडातलं 'होय होय', करत हात चोळायचे. त्यांच्या सदऱ्याला खडू लागलेला नाही असा दिवस मी बघितला नाही. सुट्टीच्या दिवशी सुद्धा कुठून लागायचा कोण जाणे. त्यांनी बेंगळूरला एका मोठ्या गणितज्ञांना कळवून माझी जागा जवळजवळ पक्की करून टाकली होती. फक्त आबांनी हो म्हणायचं बाकी होतं. आणि तिकडं आबांच्या डोक्यात शाहूपुरीतलं एक स्थळ घोळत होतं. मुलाचं पाण्याच्या पाईपचं दुकान. "पोरगा गुणाचा हाय, पाईप इकतो," असं आबा सांगायचे, जणू पाईप विकणं हाच गुण. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पाईपचंही नव्हतं. पण मला बेंगळूरला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री जेवण उतरायचं नाही.

मला शिकायचं काय होतं, ते इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसतीच बडबडतेय. कसलाही गुंतागुंतीचा आवाज घ्या, तो साध्या साध्या सुरांची बेरीज करून मांडता येतो. हे सूर एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. गणितात त्यांना 'लंब' म्हणतात. पण ते अनंत असतात, आणि अनंत गोष्टींची बेरीज हा घोळाचा कारभार आहे. त्यातून ते सूर एका ओळीत नसून आडव्या आणि उभ्या रांगांत मांडलेले असले तर विचारूच नका. आडव्या रांगा आधी मिळवल्या तर एक उत्तर, उभ्या मिळवल्या तर दुसरं, कोपऱ्यापासून चौकोन वाढवत नेला तर तिसरंच. आणि सगळ्यात मोठा प्रश्न हा, की बेरीज सगळीकडं शून्य आली, तर आतला एकूण एक सूर शून्यच असतो का? एका ओळीत असतो, हे जुन्या लोकांनी सिद्ध करून ठेवलंय. रांगांच्या बाबतीत चौकोन वाढवत बेरीज केली तर काय, हे माझ्या माहितीत अजून पुरतं कुणालाच सांगता आलेलं नाही. मी रिटायर झाले, तो प्रश्न अजून कामावर आहे.

आबांचं उत्तर मात्र रोज बदलायचं. सकाळी चहा पिताना ते "जा की, शिकलीस तर चांगलंच हाय" म्हणायचे आणि संध्याकाळी तालमीनंतर "काय नगं, पोरीच्या जातीनं एवढ्या लांब जायाचं म्हंजे" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत हो, परत नाही. आईनं तर मधल्या काळात माझी ट्रंक भरणं आणि रिकामी करणं सोडूनच दिलं. शेवटी सर घरी आले. आईनं त्यांना पोहे दिले, आबांनी समोर बसून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, खरं सांगू का? माझं मलाच ठरंना झालंय." सरांचा चेहरा एकदम उजळला. "अहो मास्तर, मग हे तर अगदी आमच्या विषयातलंच झालं! हो, नाही, हो, नाही, अशी मालिका कुठंच जाऊन स्थिरावत नाही. पण आम्ही तिला सोडत नाही. आम्ही सरासरी काढत जातो. आणि ती सरासरी बघा, अर्ध्यावर जाऊन टेकते. म्हणजे गणिताप्रमाणं तुमचा अर्धा होकार आहे. हौदु हौदु!" आबांनी एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मग काय करू म्हणता? अर्धी पोरगी पाठवू व्हय?" बजरंग ढोलाच्या मागं बसून इतका हसला की त्याला उचकी लागली. मला मात्र रडू आलं. मी म्हणाले, "आबा, चेष्टा नको की. मला जायाचंय." आबा उठता उठता सरांना म्हणाले, "आयतवारी कोडोलीला लगनाची सुपारी हाय. टेंपोतनं या आमच्यासंगं. वाटंत बोलू. ही बी येऊ दे. लगनाला गेलं की कसं, डोकं मोकळं व्हतंय."

सुपारी म्हणजे वाजवायचं बोलावणं. तर रविवारी सकाळी आम्ही टेंपोत. लाल कोट घातलेले सगळे वाजंत्री, मधे ढोल, ढोलावर सर. बसायला दुसरी जागाच नव्हती. खड्डा आला की सरांच्या खालून धम् असा आवाज निघायचा आणि ते दर वेळी "क्षमा करा" म्हणायचे. वाटेत त्यांनी आबांना रांगांचं समजावायला घेतलं. "समजा मास्तर, तुमचा बँड असा उभाय. आडव्या रांगा, उभ्या रांगा. पण कुठंच संपत नाही. पुढं माणसं, मागं माणसं, बाजूला माणसं, न संपणारी." आबांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "आणि येवढ्यांना लाल कोट कुणी शिवायचं?" तात्या म्हणाले, "कोटाचं ऱ्हाऊ दे मास्तर, जेवाय कोण घालणार?" दिनकर म्हणाला, आपली मंगळवार पेठेतली चिंचोळी गल्ली बघता ते दोघं-दोघं करूनच जाणार, म्हणजे पुढचा कोडोलीत पोचला तरी मागचा घरात चहाच पीत असणार. सर खूश झाले. म्हणाले, रांगांचा चौकोन किती लांबट होऊ द्यायचा, हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. खरंच होता. मी पुढं त्यावर वर्षं घालवली, दिनकरचं नाव मात्र कुठं घालता आलं नाही.

कोडोलीत आमचे यजमान होते बापूसाहेब. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. रीत अशी की बँडवाल्यांनी आधी वाजवायचं, मग पंगती उठल्यावर शेवटी जेवायचं. पण बापूसाहेबांनी मांडवातच दंड थोपटले. "माझ्या दारात आल्यालं माणूस उपाशी पोटानं वाजवणार? न्हाय जमायचं! पयली पंगत बँडची!" आबांनी हात जोडून सांगितलं, सायेब, आमाला नंतर चालंल. "का? आमच्या जिलबीत काय खोट हाय?" झालं, बसावं लागलं. मसालेभात, वांग्याची भाजी, मठ्ठा आणि जिलबी. बापूसाहेब स्वतः परात घेऊन रांगेतनं फिरत होते. नको म्हटलं की दोन जादा वाढायचे आणि गप्प राहिलं की गप्प राहिल्याबद्दल वाढायचे. तात्यांनी पानावर आडवा हात धरला, तर हातावर वाढली. दिनकरनं दया येईल असा चेहरा केला; त्याच्या पानात तर परातच रिकामी झाली. एकटे आबा उपाशी राहिले, मोठ्या सुपारीला ते वाजवत नसत, हातात काठी घेऊन पुढं उभे राहत, आणि काठीवाल्यानं ढेकर देऊ नये असा त्यांचा नियम होता.

नवरदेव घोड्यावर चढायची वेळ झाली. आमच्या बँडची पद्धत अशी की आधी संथ प्रार्थना, ती नुसत्या फुंकायच्या वाद्यांवर. ढोल-झांजा प्रार्थना संपल्यावर. सगळे आडव्या-उभ्या रांगांत उभे राहिले. कोटाची बटणं ताणलेली. गाव जमलेलं. बापूसाहेबांनी सगळ्यांना हात वर करून गप्प केलं, घोडं पण गप्प झालं. आबांनी काठी वर नेली आणि झोकात खाली आणली.

आणि काही नाही. सगळ्यांची वाद्यं ओठाला, सगळ्यांचे गाल टम्म फुगलेले, सगळ्यांची बोटं नाचताहेत, तात्या तर डोळे मिटून रंगात आल्यासारखे डुलताहेत, आणि आवाज काडीचा नाही. मागच्या गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, ती ऐकू येत होती. आबांनी काठी परत वर नेली, परत खाली आणली. गाल आणखी फुगले. तेवढ्यात कुणाच्या तरी पोटातून गुडगुड असा एक लांबलचक सूर निघाला आणि नवरदेवाच्या करवल्या फिसकन हसल्या. मी तोंडाला पदर लावला. पण आबांकडं बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. उभ्या आयुष्यात त्यांचा बँड असा मुका झाला नव्हता.

"मास्तर, ह्यो काय परकार हाय?" बापूसाहेब गरजले. "का बोलवू दुसरा बँड?" मग काय, रांगांत एकच गलका. "मी वाजवत हुतो की!" "मी बी वाजवत हुतो, ह्यो दिनकर गप हुता!" "आईच्यान, मी फुंकत हुतो!" प्रत्येकानं बाकीच्यांच्या भरवशावर गाल फुगवले होते आणि प्रत्येकाला आपण एकटेच गप्प होतो असं वाटत होतं. आबांना तो अपमान सहन होईना. त्यांनी काठी तात्यांवर रोखली. "तात्या, ह्यो समदा गाल फुगवायचा धंदा तुमचा. मला काय म्हाईत न्हाय वाटलं? तुमच्या एकट्यापायी झालंय. क्लारनेट ठेवा खाली. उद्यापास्नं यायाचं न्हाय." तात्यांचे गाल फुगलेले होते ते सावकाश खाली बसले. बिचारे तात्या क्लॅरिनेट पुसायला लागले.

मी पुढं झाले. माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. म्हणाले, "आबा, एकट्या तात्यांना का म्हणून? बेरीज शून्य आलीया म्हंजे सगळेच शून्य हायीत. एक जण जरी वाजवत असता तरी ऐकू आला असता." आमच्याकडं मोठी माणसं बोलताना मुलींनी असं मांडवात मध्येच तोंड घालायचं नसतं, पण आबांनी मला थांबवलं नाही. भुवई आकसून म्हणाले, "तसंच कशावरनं? यकानं वाजवलं आन् दुसऱ्यानं ते खाऊन टाकलं असंल तर? तात्यानं भायेर फुंकलं आन् दिनकरनं आत वडलं, म्हंजे मिटलं की!" सर धावत पुढं आले. "वा वा! हाच प्रश्न! वेगळे सूर एकमेकांना खातात का? मास्तर, करून बघा!"

आणि भर मांडवात, घोड्यावरच्या नवरदेवासमोर, आम्ही ते करून बघितलं. तात्यांनी क्लॅरिनेटमध्ये फुंकायचं आणि त्याच वेळी दिनकरनं भोंग्यातून जोर लावून आत ओढायचं. आबांनी काठी फिरवली. दिनकरचे डोळे बाहेर आले, कान लाल झाले, कोटाचं एक बटण उडून करवल्यांत पडलं, आणि त्या सगळ्याच्या वर तात्यांचं क्लॅरिनेट पातळ, गोड, स्वच्छ वाजत राहिलं. तसूभर कमी झालं नाही. "आणखी वड रं!" बापूसाहेब ओरडले. त्यांचा राग कधीच उतरला होता. गावकऱ्यांनी शिट्ट्या घातल्या. दिनकरनं आणखी ओढलं आणि त्याला जोरदार ठसका लागला. क्लॅरिनेट चालूच. सर हात चोळत "हौदु! हौदु!" करत घोड्याभोवती फिरायला लागले, तर घोडं बुजलं आणि नवरदेवानं त्याची मान गच्च धरली.

आबांनी काठी खाली केली. तात्यांच्या क्लॅरिनेटकडं बघत राहिले. मग रांगांकडं वळून एवढंच म्हणाले, "म्हंजे तुमी समदेच!" सगळ्यांनी माना खाली घातल्या. "तात्या, क्लारनेट उचला. आन् बापूसायेब, चूक झाली. पर जिलबी तुमचीच हाय." बापूसाहेब पोट धरून हसले. त्यानंतर तो बँड जिलबीसकट जो वाजला, तसा परत कधी वाजलेला मला आठवत नाही. मारामारीत पडल्यासारखे वाजवत होते एकेक जण.

परतीच्या टेंपोत बैठक तीच. ढोलावर सर, कडेला मी. मला एकच धास्ती होती, की मांडवात मध्ये बोलले म्हणून आता घरी गेल्यावर काय ऐकावं लागतंय. पंचगंगेचा पूल मागं पडल्यावर आबांनी घसा खाकरला. "सर, परवाचा त्यो अर्धा व्हकार तुमच्याजवळ हाय न्हवं?" सर गडबडून हो म्हणाले. "मग ह्यो घ्या ऱ्हायल्याला," आबा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. मला एकदम हुंदका फुटला. दिनकरला वाटलं मलाही जिलबी बाधली. त्यानं खिशातून ओव्याची पुडी काढून दिली.

बेंगळूरची गाडी स्टँडवरून संध्याकाळी सुटायची. आईनं ट्रंकेत चटणीचा डबा घातला, त्यावर माझी पुस्तकं आणि पुस्तकांवर परत एक चटणीचा डबा. मला वाटलं आबा एकटे सोडायला येतील. तर फलाटावर अख्खा बँड, लाल कोटांत, रांगांत. स्टँडवरचे लोक गोळा झाले. एका म्हाताऱ्यानं बजरंगला विचारलं, "पावणं, नवरी कुठं हाय?" बजरंग म्हणाला, "नवरी न्हाय, गणित हाय." म्हाताऱ्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि मला हात जोडले.

मी खिडकीशी बसले. आज आबांच्या हातात काठी नव्हती, कॉर्नेट होतं. बँड सुरू झाला तसं कंडक्टर पण दारात उभा राहून ऐकायला लागला. मी डोळे मिटले, जिन्याच्या पायरीवर मिटायची तसे. तात्यांचं क्लॅरिनेट होतं. दिनकरचा भोंगा होता. बजरंगचा ढोल छातीत लागत होता, झांजा होत्या. सगळं होतं आणि आमटीत मीठ नव्हतं.

मी डोळे उघडले. आबा सगळ्यांच्या पुढं, कॉर्नेट ओठाला लावून, गाल टम्म फुगवून, बोटं नाचवत उभे होते, आणि फुगलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझा बाप सुद्धा गाल फुगवायला शिकला होता. गाडी सुरू झाली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "आबा! कॉर्नेट न्हाय!"

आबांनी कॉर्नेट खाली घेतलं. गाडीबरोबर चालत चालत कोटाच्या खिशात हात घातला, खडीसाखर माझ्या मुठीत कोंबली, आणि फुटलेल्या आवाजात म्हणाले, "बरोब्बर."